कितवा आठवडा, किती मिलिग्रे?

गर्भातल्या बाळाचा मेंदू आणि किरणोत्सर्ग, या एकाच विषयावर गेल्या दोन महिन्यांत इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. मी डॉक्टर नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घेतली आणि ३२ वर्षं कॅन्सर रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून नोकरी केली. कुठल्या पेशंटच्या शरीरात कुठे किती किरणं पोचतात, याचा हिशेब करणं हे माझं काम. इथेही तेच करते. औषधपाणी तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, कराडजवळच्या गावात राहते. मध्यंतरी कमरेत असह्य कळ आली. दवाखान्यात मुतखडा असेल म्हणाले आणि छातीचा एक्स-रे व पोटाचा सीटी स्कॅन काढला. तेव्हा पाळी आठ-दहा दिवस चुकली होती, पण माझी नेहमीच पुढेमागे होते, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. तिथे कुणी विचारलंही नाही. आता अकरावा आठवडा चालू आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, “बाळ मतिमंद निघेल, मोकळं करून घ्या.” सासूबाईही तेच म्हणतात. मिस्टर काही बोलत नाहीत. मला झोप लागत नाही. रिपोर्टबरोबर मिळालेल्या आकड्यांच्या पानाचा फोटो पाठवते आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुम्ही पाठवलेले आकडे पाहता या स्कॅनसाठी गर्भ काढावा असं काही त्यात नाही. नको असलेला गर्भ काढण्याचा हक्क तुम्हाला कायद्यानं आहे आणि तो तुमचाच आहे, सासूबाईंचा नाही. पण ‘बाळ मतिमंद निघेल’ हे कारण इथे खरं नाही.

आता हिशेब. तुमच्या पानावर ‘सीटीडीआय व्हॉल’ या रकान्यात ११.८ मिलिग्रे लिहिलं आहे. किती किरणं अंगात मुरली हे मोजायचं माप म्हणजे ग्रे, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिग्रे. रकान्यातला आकडा तुमच्या पोटात मोजलेला नसतो. ॲक्रिलिकच्या ३२ सेंटिमीटर रुंद गोल ठोकळ्यात ते मशीन किती मात्रा देतं, ते त्यावरून कळतं. तुमचं वजन ५२ किलो, म्हणजे अंगलट त्या ठोकळ्यापेक्षा बारीक. बारीक माणसाच्या पोटात किरणं जास्त खोल पोचतात, म्हणून आकडा वाढवून गर्भाशयापाशी १६ मिलिग्रे धरले. स्कॅन एकदाच झाला आहे, इंजेक्शन देऊन दुसरी फेरी घेतलेली नाही, तेव्हा दुप्पट करायची गरज नाही. छातीच्या एक्स-रेचं तर सोडूनच द्या. त्यात गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेसुद्धा जात नाही.

१६ हा आकडा कशाशी ताडून पाहायचा? जमीन, भिंती, आकाश आणि आपलं स्वतःचं शरीर यांच्याकडून प्रत्येक गर्भाला नऊ महिन्यांत अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच. म्हणजे तुमच्या बाळाला त्यापेक्षा बरंच जास्त मिळालं, हे मी झाकून ठेवत नाही. दुसरीकडे, किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २००० साली गर्भवतींसाठी खास मार्गदर्शन काढलं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल तर किरणोत्सर्ग हे गर्भपाताचं कारण होऊ शकत नाही. तुमची मात्रा त्याच्या सहाव्या हिश्शाएवढी आहे.

‘मतिमंद’ हा शब्द आला कुठून, तेही सांगते, कारण तो हवेतून आलेला नाही. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हा पोटात असलेल्या सुमारे १,६०० मुलांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यांतली ३० मुलं गंभीर बौद्धिक अपंगत्वाची होती. बऱ्याच जणांचं डोकं लहान राहिलं. जपानीत त्याला ‘गेनबाकु शोतोशो’ म्हणतात, म्हणजे अणुबाँबमुळे आलेलं लहान डोकं. या मुलांच्या आईवडिलांना कित्येक वर्षं खरं कारण कुणी धड सांगितलं नाही. १९६५ मध्ये ते स्वतःच एकत्र आले आणि ‘किनोको काई’ नावाची संघटना काढली. किनोको म्हणजे अळंबी. बाँबचा ढग अळंबीसारखा होता, आणि अळंबी पाचोळा सारून वर येते तशी आपली पोरं वर यावीत, असा त्या नावामागचा भाव.

१९८४ मध्ये मासानोरी ओताके आणि विल्यम शल यांनी या मुलांची नोंद आठवड्यांप्रमाणे मांडली आणि चित्र एकदम स्पष्ट झालं. धोका सगळ्या नऊ महिन्यांत सारखा नव्हता. गर्भधारणेनंतरच्या ८ ते १५ आठवड्यांत तो सगळ्यांत जास्त होता, १६ ते २५ मध्ये बराच कमी. आठव्या आठवड्याआधी आणि पंचविसाव्यानंतर जास्तीच्या केसेस दिसल्याच नाहीत. त्या धोक्याच्या आठ आठवड्यांतसुद्धा गंभीर अपंगत्व काहीशे मिलिग्रेंच्या पुढे दिसतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, तिच्यात डॉक्टरही कधीकधी फसतात. दवाखान्यात आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, संशोधनातले हे आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत. दोन आठवड्यांचा फरक. म्हणजे दवाखान्याच्या भाषेत धोक्याचा काळ १० ते १७ आठवडे. तुमच्या सोनोग्राफीवरून मागे मोजलं तर स्कॅन झाला तेव्हा साडेपाचवा आठवडा होता, गर्भधारणेपासून साडेतीनच. तेव्हा विचार करणारा मेंदू अजून मांडायलाही घेतलेला नव्हता. आता मात्र तो काळ सुरू आहे. पुन्हा कळ आली तर सोनोग्राफी करा, सीटीला नाही म्हणा. सोनोग्राफीत ही किरणं नसतात.

राहिला कॅन्सर. १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवलं की गर्भारपणात पोटाचे एक्स-रे झालेल्या बायकांच्या मुलांत रक्ताचा व इतर कॅन्सर जरा जास्त दिसतो. हे मी नाकारत नाही. एरवी १,००० मुलांत साधारण ३ जणांना बालपणी कॅन्सर होतो, १० मिलिग्रेनंतर ते ४ च्या आसपास धरतात. म्हणजे १,००० मधली ९९५ हून जास्त मुलं सुटतात. आणि किरणं लागोत न लागोत, दर १०० बाळांत सुमारे ३ बाळांना जन्मतः काही मोठं व्यंग असतं. उद्या काही झालंच तर त्याचं खापर आपसूक या स्कॅनवर फोडू नका, स्वतःवर तर नाहीच.

तुमचं पत्र वाचून मला १९९७ आठवलं. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी नोकरीला होते. स्त्रीरोग विभागातून चिठ्ठी आली, ‘बेरियम एनिमा झाला आहे, ६ आठवडे, मात्रा कळवावी.’ मोठ्या आतड्याच्या या एक्स-रे तपासणीत किती मिनिटं किरणं चालू होती, ते जुन्या रजिस्टरमधून शोधण्यात माझे दोन दिवस गेले. आकडा १० मिलिग्रेच्या आत आला. कागद घेऊन वर गेले तर खाटेवर नवी चादर घातलेली. कुणीतरी तोंडी सांगितलं, घरच्यांनी घाई केली, आणि आदल्या संध्याकाळी सगळं उरकलं होतं. ती पेशंट बाई जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन एसटीच्या वेळेची वाट बघत होती. माझ्या हातातला कागद मी तिला दाखवला नाही. त्यानंतर असा हिशेब मी कधी दुसऱ्या दिवसावर टाकलेला नाही. तुमचाही पत्र मिळालं त्याच दिवशी केला. आकडेमोडीचा कागद सहीनिशी पोस्टानं पाठवला आहे. तो तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मिस्टरांना शेजारी बसवून वाचून दाखवा.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात एका खासगी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. तिसरा महिना आहे. लहान पेशंट हलतो म्हणून मलाच धरायला लावतात. “लेड ॲप्रन घातलाय ना, मग झालं,” म्हणतात. अंगाला किती किरणं लागली ते मोजणारा टीएलडी बॅज ऑफिसच्या कपाटात असतो. नोकरी सोडू का?

उत्तर : बाळा, नोकरी सोडू नकोस. पेशंट धरणं मात्र आजपासून बंद कर.

पहिलं काम, गरोदर असल्याचं लेखी कळव आणि पोच घे. ते कळवल्यापासून गर्भाला उरलेल्या सगळ्या महिन्यांत मिळून १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. एक्स-रेपुरतं सिव्हर्ट आणि ग्रे एकच समज. पोर हलत असेल तर त्याच्या आईनं किंवा वडिलांनी ॲप्रन घालून धरावं. धरणारी बाई गरोदर नाही ना, हे तू विचारायचं. वरच्या ताईंना कुणी विचारलं नाही, तिथूनच सगळी सुरुवात झाली.

ॲप्रन चांगलाच असतो. अर्ध्या मिलिमीटर शिशाइतका ॲप्रन पेशंटच्या अंगावरून उसळून येणाऱ्या किरणांतली ९० टक्क्यांहून जास्त अडवतो. पण थेट झोतासमोर उभं राहण्यासाठी तो केलेला नाही. आणि ॲप्रनपेक्षाही लांब उभं राहणं जास्त कामाचं. पेशंटपासून एक मीटरवर उसळून येणारा मारा थेट झोताच्या हजाराव्या हिश्शाएवढा, दोन मीटरवर त्याचाही चौथा हिस्सा. कंट्रोल पॅनलच्या आडोशाला उभी राहून काम करशील तर तुझ्या बाळाला गावाकडच्या कुठल्याही बाळापेक्षा फारसं वेगळं काही मिळणार नाही.

बॅज कपाटात असेल तर तो कपाटाची मात्रा मोजतो. तो तुझ्या छातीवर, ॲप्रनच्या आत हवा. तीन महिन्यांनी येणारा त्याचा रिपोर्ट मागून घे आणि झेरॉक्स घरी ठेव. पुढे कुणी काही म्हणालं तर तोच तुझा पुरावा.

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत म्हणून किरणोत्सर्गाला दाद देत नाहीत, असं शिकवतात. मग गर्भातल्या चेतापेशी इतक्या नाजूक का? आणि अगदी कमी मात्रेत त्यांचं नेमकं काय होतं?

उत्तर : तुला जे शिकवतात त्या वाक्यातच पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी नियम मांडला, की जी पेशी भराभर विभागते आणि अजून कुठल्या एका कामाला लागलेली नाही, तिला किरणं जास्त बाधतात. गर्भातली चेतापेशी अजून चेतापेशी झालेलीच नसते. ती पूर्वज पेशी असते आणि धडाधड विभागत असते.

हे सगळं मेंदूच्या आतल्या पोकळीच्या काठाशी चालतं. तिथे जन्मलेल्या पेशीला बाहेरच्या थरापर्यंत, म्हणजे पुढे ज्याला आपण राखाडी भाग म्हणतो तिथवर, स्वतः जावं लागतं. त्यासाठी काठापासून बाहेरपर्यंत ताणलेले ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींचे लांब धागे असतात. पडवळाचा वेल सुतळी धरून मांडवावर चढतो, तशी ती पेशी धागा धरून वर सरकते. आणि मागून आलेली पेशी आधी पोचलेल्यांना ओलांडून आणखी वर जाऊन बसते. गर्भधारणेनंतरच्या ८ ते १५ आठवड्यांत हा जन्म आणि ही चढण दोन्ही ऐन जोरात असतात. पहिल्या उत्तरातल्या आठवड्यांशी ताडून पाहा. हिरोशिमाच्या त्या मुलांपैकी काहींच्या मेंदूचं पुढे मोठेपणी एमआरआय झालं. आठव्या-नवव्या आठवड्यात किरणं लागलेल्यांत राखाडी भागाचे पुंजके आत, पोकळीच्या काठाशीच राहिलेले दिसले. निघालेल्या पेशी वर पोचल्याच नव्हत्या. एक्स-रे, एमआरआय आयुष्यभर पाहिले मी, पण ते वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता कमी मात्रा. १ ग्रे मात्रेनं एका पेशीच्या डीएनएत दोन्ही धागे तुटण्याच्या ३० ते ४० घटना होतात. मग १० मिलिग्रेनं किती? ०.३ ते ०.४. पेशीत तुकड्यानं तूट होत नाही, म्हणून त्याचा अर्थ असा, की दर तीन पेशींत एकीला एक तूट, उरलेल्या दोघींना काहीच नाही. डोस अर्धा केला तर प्रत्येक तूट अर्धी होत नाही, तूट पडलेल्या पेशी निम्म्या होतात. हे नीट समजून घे, कमी मात्रेवरचा सगळा वाद इथूनच सुरू होतो. एरवीही विभागणाऱ्या पेशीत अशा काही तुटी रोज आपोआप पडतात आणि जोडल्या जातात.

जोडली गेली नाही तर? विभागणारी पूर्वज पेशी थांबते, तपासते, आणि नीट होत नसेल तर पी-५३ या प्रथिनाच्या इशाऱ्यावर स्वतःला संपवते. उंदरांच्या गर्भात किरणं दिल्यावर काही तासांतच मेंदूत अशा मेलेल्या पेशी दिसू लागतात. मात्रा कमी असेल तर मोजक्याच पेशी बाद होतात आणि शेजारणी भरपाई करतात. मात्रा जास्त झाली की भरपाईला वेळही उरत नाही आणि पेशीही. गंभीर अपंगत्व ठरावीक मात्रेच्या पुढेच दिसतं, त्यामागे मला स्वतःला हेच कारण पटतं.

पण एक प्रयोग मला गप्प बसू देत नाही. २००३ मध्ये जर्मनीत रोथकाम आणि ल्योब्रिश यांनी माणसाच्या न विभागणाऱ्या पेशींना फक्त १.२ मिलिग्रे एवढी मात्रा दिली. जास्त मात्रेनंतरच्या तुटी भराभर जोडल्या जायच्या, पण या थोड्याशा तुटी कित्येक दिवस तशाच राहिल्या. पेशींना विभागू दिलं तेव्हा त्या दिसेनाशा झाल्या, बहुधा तुटलेल्या पेशीच गळून पडल्या. त्या पेशी फुप्फुसातल्या होत्या, मेंदूतल्या नव्हत्या. तरी ‘कमी मात्रा म्हणजे शून्य’ असं म्हणणाऱ्यानं हा प्रयोग वाचावा.

माणसाच्या गर्भाच्या मेंदूवर प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत. म्हणून २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी मूलपेशींपासून मेंदूसारखा गोळा वाढवला, ती मोठी गोष्ट झाली. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. साबुदाण्याच्या दाण्याएवढा असतो, पण आत पोकळी आणि तिच्या काठाशी विभागणाऱ्या पूर्वज पेशी, सगळं माणसाचं. बेल्जियममध्ये अशा गोळ्यांना अर्धा आणि एक ग्रे मात्रा देऊन पाहिली, तर त्यांची वाढ खुंटली. पण त्या मात्रा माझ्या पहिल्या पत्रातल्या ताईंच्या ३० ते ६० पट आहेत. शिवाय गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत, आई नाही. १० मिलिग्रेचं उत्तर त्यातून काढायला तुझ्या पिढीला काम उरलं आहे.

माणसांतले दोन अभ्यास वाच. स्वीडनमध्ये १९३० ते १९५९ या काळात तान्ह्या मुलांच्या अंगावरच्या लाल डागांवर रेडियम वगैरेंनी उपचार करत. अशा ३,०९४ मुलग्यांची पुढे लष्करभरतीच्या वेळी चाचणी झालेली होती. २००४ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. मेंदूला मिळालेली मात्रा जसजशी जास्त, तसतसं पुढच्या शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण घसरत गेलं होतं. जन्मानंतरही मेंदू घडत असतो, हे त्यातून मी घेते. दुसरा अभ्यास स्वीडनचाच, २००९ चा. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल अपघातावेळी ८ ते २५ आठवड्यांचे गर्भ असलेल्या मुलांचे शाळेतले गुण, विशेषतः गणिताचे, जिथे किरणोत्सर्गी राख जास्त पडली तिथे थोडे कमी आले. पण तिथल्या मात्रा एका सीटी स्कॅनच्या कितीतरी खाली होत्या. हिरोशिमाच्या हिशेबानं १ ग्रेला बुद्ध्यंक २५ ते ३० गुणांनी घटतो, म्हणजे १ मिलिग्रेला ०.०३. शाळेच्या गुणपत्रिकेत ते दिसावं हे माझ्या गणितात बसत नाही. त्या महिन्यांतली आयांची भीती, बदललेलं खाणंपिणं, याचा वाटा किती, असा प्रश्न मी त्या अभ्यासाला विचारते.

प्रश्न : मुलाची बदली केरळात कोल्लमला झाली आहे. सूनबाईंना दिवस गेले आहेत. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत किरणोत्सर्ग आहे म्हणे. तिला इकडे साताऱ्याला आणून ठेवू का?

उत्तर : काका, पहिलं बाळंतपण माहेरी-सासरी व्हावं म्हणून आणायचं असेल तर जरूर आणा. वाळूसाठी नको.

कोल्लमच्या उत्तरेला नीण्डकरा, चवरा, करुनागपल्ली या पट्ट्यात वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे आणि त्यात थोरियम हा किरणोत्सर्गी धातू. तिथली मात्रा वर्षाला सरासरी ४ मिलिग्रेच्या आसपास, काही ठिकाणी कितीतरी जास्त. कोल्लम शहरातलं घर या पट्ट्यात मोडेलच असं नाही. १९७६ मध्ये या किनाऱ्यावर डाउन सिंड्रोम आणि मतिमंदत्व जास्त असल्याचा निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि बराच वाद झाला. तेव्हा नेमकी कुणाशी तुलना करायची, आयांची वयं किती, हे प्रश्न निघाले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रानं कोल्लमलाच प्रयोगशाळा ठेवून तिथल्या इस्पितळांत जन्मणारी बाळं वर्षानुवर्षं तपासली. मतिमंद मुलांच्या घरांतली मात्रा मोजून इतर मुलांच्या घरांशी ताडून पाहिली. संबंध आढळला नाही. तिथे किरणं नऊ महिने थेंबाथेंबानं मिळतात, तेव्हा पेशीला तूट जोडायला उसंतही मिळते.

आणि सूनबाईंनी किनाऱ्यावर काळी वाळू पाहून घाबरू नये. काळा रंग इल्मेनाइट या दुसऱ्या खनिजाचा असतो, ते आपल्या रत्नागिरीकडेही आहे. मोनाझाइटचे कण मधासारखे पिवळट दिसतात.